खारट ऑलिव्ह

फादर इरिनेऑस मिठाच्या पोत्यावर बसून
मला जुनी ग्रीक शिकवायचे, उपवासाच्या दिवसांत,
कारण शेगडी शाळेत नव्हती, आईच्या दुकानात होती.

"पारेसिस," ते म्हणाले, "म्हणजे कानाडोळा.
देव बघतो, पण बघितलं म्हणत नाही.
पौलानं हा शब्द एकदाच वापरलाय,
जणू जिभेवर ठेवला आणि चव पटली नाही."

"आणि आफेसिस?"

"ते सोडणं. शर्यतीत घोड्यांपुढचा दोर पडतो ना, तसं.
विद्वान म्हणतात, दोन्ही एकच. असेलही.
विद्वानांकडे कुणाची उधारी थकलेली नसते."

आई काट्यावर चवळी तोलत होती.
तिनं वर बघितलं नाही.

तिच्या खातेवहीत साकेल्लारिसचं एक पान होतं.
ईस्टर उलटून होड्या स्पंज काढायला निघाल्या
त्या वर्षी त्यानं नेलेलं: बिस्किटं, तेल, दोन लोकरी बनियन,
तीनशे चाळीस द्राख्मा.
परतला तो पाय समुद्राच्या तळाशी ठेवून.
कालिम्नोसच्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं: पारेसिस.
तोच शब्द. अक्षर न अक्षर.
मी फादरना विचारलं.
ते बराच वेळ दाढीचं टोक चावत बसले.

दर नव्या वर्षी आई ते पान न वाचता उलटायची.
"राहू दे," म्हणायची, "बघू पुढच्या वर्षी."
गावात तिचं नाव झालं, मोठ्या मनाची म्हणून.
आणि साकेल्लारिस दोन काठ्या टेकत
आमचं दार चुकवायला चढणीच्या बोळातून जायचा.
शहात्तर पायऱ्या. मी मोजल्यात.

मग एका शनिवारी, कसल्याही सणाच्या नव्हे,
कागद संपला होता की तिनं संपवला, मला माहीत नाही,
आईनं ते पान फाडून त्यात ऑलिव्ह बांधले
आणि म्हणाली, पळ, देऊन ये.
खारं पाणी झिरपत होतं. वाटेत माझा तळवा निळा झाला.
त्यानं पुडी सोडली.
आकडा अजून अर्धा वाचता येत होता.
तो काही बोलला नाही. मीही नाही.

सोमवारी काठ्यांचा आवाज
खालच्या रस्त्यानं आला.
दारात उभा राहून, दोन गिऱ्हाइकं आणि फादर यांच्यादेखत
तो ओरडला,
"थेमेलिना, तुझे ऑलिव्ह खारट ढोण आहेत!"

"मग घेऊ नकोस."

"अर्धा किलो दे," तो म्हणाला,
आणि पोत्यावर बसला,
फादरना जरा सरकवून.