प्रश्न पाचवा

'फ्रान्स की रशिया : कोणत्या क्रांतीचा परिणाम मोठा?'
हर्णैच्या शाळेत पेपर तपासतोय,
खिडकीतून सुकटीचा वास.
सगळ्यांनी गाईड उतरवलंय.
एकटी रसिका गोरिवले लिहिते :

राजाचं डोकं उडालं, झार मेला,
ते लांब.
आमच्यात कुणी मेलं नाही.
खोताची पायली होती खोल,
आमच्या भाताने भरायचीच नाही.
मग कायदा आला.
पणजोबांनी आपल्या पायलीने मोजलं,
उरलेलं बघून घाबरले,
परत मोजलं.

लाल शाईने लिहिलं : विषयांतर.
आठापैकी… जागा कोरी सोडली.

घरी पडवीत आमची जुनी पायली आहे,
छत्र्या ठेवायला.
रात्री छत्र्या काढल्या,
आत हात घातला.
कोपरापर्यंत गेला.