काडीमोड

परभणीत पारा त्रेचाळीसला,
आणि माझ्या सूत्रकृमींना हवा वीसचा गारवा.
वीज गेली की घुगेमामा
ओल्या गोणपाटात गुंडाळतात पेटी:
"ताई, तुमच्या लेकरायला ऊन लागायलंय."

मिलिमीटरभर जीव, काचेसारखा.
आरपार दिसतं पोटातलं अंडं,
त्यात निळे उजळलेले ठिपके मोजायचे.
सहा हवेत. सहा जोड्या,
एकमेकींना धरून.

बारा आहेत.
या वाणातला एक जनुक मोडका.

वेगळंच व्हायचंय, तर आधी धरायचं कशाला?
मलाही पूर्वी असंच वाटायचं.
पण एकदा तरी आपला तुकडा देऊन
दुसरीचा घ्यावा लागतो गुणसूत्राला.
त्या अदलाबदलीची गाठ दोन्हीकडून ताणली जाते
तेव्हा कळतं, कुणी कुठं जायचं.
गाठच नसली की भरकटतात:
एका अंड्यात दोन्ही, दुसऱ्यात एकही नाही.
बहुतेक अंडी फुटतच नाहीत.
जगतात त्यांत नर फार,
एरवी हजारात एखादा.

गुरुवारी कोर्टात सही केली.
वकील म्हणाले, देणंघेणं काहीच नाही, सोपी केस.
सात वर्षं.
माझ्या हातची येसराची आमटी त्याला शिकावीशी वाटली नाही,
आणि त्याची बासरी
मी कपाटावरून कधी खाली काढली नाही.
तरी बाहेर पडल्यावर
रिक्षा स्टँड कुठल्या बाजूला, तेच आठवेना.

वीज आली. पेटी घुरघुरली.
मामा गोणपाट पिळतायत, फरशीवर पाण्याचा ओघळ.
प्लॅटिनमच्या तारेवर एक कृमी उचलते,
पुन्हा मोजते.
अकरा? दोन ठिपके एकमेकांवर आलेत
की चिकटलेत,
भिंग फिरवून बघते.