दाढ

हरिपूरच्या घाटावरून निघालो तेव्हा
पाणी अजून काळंच होतं.
पुरानं कापलेल्या दरडीशी
बाबालाल नदाफ वल्ह्यानं नाव धरून ठेवायचे,
मी बॅटरीच्या उजेडात गोट्यांचा थर चाचपायचो:
शिंपले, चुनखडी, कुणाच्या तरी चपलेचा अंगठा.

उजाडता उजाडता हाताला लागली
दगड झालेली दाढ.
म्हटलं, वीस हजार वर्षं. तीससुद्धा असतील.

बाबालाल पूर्वी मिरजेच्या बाजारात बैलांचे दलाल.
झिजेवरून अंगठा फिरवत म्हणाले,
"जुळून दोन वर्षं झालेली.
चाऱ्यात वाळू फार जायची बिचाऱ्याच्या."

दगडाचं वय त्यांनी विचारलंच नाही.
दाढ रुमालात गुंडाळून परत देताना
रुमालाखाली माझी दोन बोटं
घट्ट दाबली,
सौदा ठरल्यासारखी.