अडुसष्ट

रविवारी रात्री साडेदहाला, मिहानमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
माझा सामना सुरू होतो.
तिकडे दुपार असते. गवत इतकं हिरवं
की डोळ्यांना खोटं वाटावं.
माझं काम : डाव थांबवायचा,
कोणी फेकला, कोणी झेलला, किती यार्ड, कुठे पडला,
रकाने भरायचे. डावाला चाळीस सेकंद.
चुकलं तर चारुलता बावणकर बोलत नाही,
नुसती चष्म्यावरून बघते.

संघाचं नाव सांगायला करारात मनाई आहे.
निळी हेल्मेटं, एवढं पुरे.
पहिला सामना हरले त्याच आठवड्यात मारबत निघाली.
काळी-पिवळीची गळाभेट झाली तेव्हा गर्दीत मीही ओरडलो :
हातातला चेंडू सांडणाऱ्याला
घेऊन जा गे मारबत!
नाही नेलं तिने.
दसऱ्याच्या आठवड्यात दीक्षाभूमीसमोर
मावशीच्या स्टॉलवर दिवसभर पुऱ्या तळल्या
आणि रात्री, बोटांना तेलाचा वास असतानाच,
पाचवा पराभव टाइप केला.

अडुसष्ट नंबर डावीकडचा गार्ड.
चेंडू त्याच्या हाती कधी येत नाही.
डाव सुटतो, तो समोरचा दीडशे किलोचा माणूस
अंगावर घेतो,
आणि चार सेकंद तिथेच राहतो.
त्या चार सेकंदांना माझ्याकडे रकाना नाही.

बाबांना एकदा ताटावर मांडून दाखवलं :
हा पेला फेकणारा, ही वाटी धावणारी,
आणि ही लिंबाची फोड, अडुसष्ट.
बाबा अठ्ठावीस वर्षं आमल्याला इंजिनावर होते.
म्हणाले, हे त बँकर हाय!
धाराखोहच्या घाटात मालगाडीले मागून लावते ते.
वर पोचली गाडी का सुटलं.
टाइमटेबलात नाव नाई त्याचं.
उतरताना एकलंच येते.
मग अडुसष्ट त्यांनी वरणात पिळला.

नोव्हेंबरात तिकडे घड्याळं मागे केली,
माझी रात्र एक तास पुढे सरकली.
अकराव्या सामन्यात ढीग उठला,
एकेक निळं हेल्मेट वेगळं झालं,
एक राहिलं.
मी तो डाव एकवीस वेळा मागे नेला.
प्रत्येक वेळी सुरुवातीला तो उभा असतो.
भरलं ते एवढंच : धाव. दोन यार्ड. खेळ थांबला.

डिसेंबरात अधिवेशन आलं, रस्ते बंद,
ऑफिसची गाडी भलतीकडून वळून जायची.
मोर्चाला आलेल्या बाया फुटपाथवर
चादरीत गुंडाळून झोपलेल्या,
उशाला चपला, चपलांखाली निवेदनं.
त्याच आठवड्यात तिकडचा कोच काढला.
एक सामना जिंकलेही, तेव्हा नौशादच्या हातून
फुटाण्यांची पुडी सांडली.
बाकी कोणी मान वर केली नाही.

शेवटचा सामना बर्फात. इकडे गच्च्यांवर
संक्रांतीचा मांजा सुतणं चालू होतं.
कॅमेरा वळताना चौकटीच्या काठाशी
तीन सेकंद तो दिसला.
लांब कोट, काखेत कुबडी,
हेल्मेटशिवाय पहिल्यांदाच. टक्कल आहे त्याला.
कानात भिकबाळीसारखं काहीतरी चमकतं.
मैदानावर डाव सुटला
आणि कुबडीवर उभ्या त्या माणसाचा डावा खांदा
जागच्या जागी पुढे गेला.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, देवनागरीत :
अडुसष्टने खांदा लावला.
चारुलता मागे येऊन उभी राहिली.
सिस्टम घेणार नाही हे, म्हणाली.
खोडलं मात्र नाही, शिफ्ट संपेपर्यंत.

सकाळी अजनीच्या पुलाखालून
एक मोकळं इंजिन चाललं होतं, सावकाश.
गाडीवाल्याला म्हटलं, थांब जरा.
तो थांबला नाही, मागे बस होती.

सोमवारपासून मला बेसबॉल दिलंय.