समुद्रसपाटीपासून

पूर्णा जंक्शनच्या पिवळ्या पाटीवर
गावाच्या नावाखाली, बारीक अक्षरांत
माझा बाप दर तीन वर्षांनी
समुद्र लिहायचा.

लिंबाजी पेंटर. ब्रश सुतळीनं बांधलेला.
काळ्या रंगात बुडवण्याआधी
उलट्या दांड्यानं हवेत एकदा अक्षर काढून बघायचा.
मी शिडी धरून खाली. तिसरीत असेन.
आबा, समुद्र कुठंय आपल्याकडं?
न्हाई.
मंग कामून लिहिता?
सायबाची चिठ्ठी हाय.
आणि मग बऱ्याच वेळानं, आकड्यावर टिंब देताना :
मोजायचं तर कुठूनतरी धरावं लागतंय, माय.

मी समुद्र आधी आकड्यांत पाहिला,
अहमदाबादच्या एका खोलीत.
खिडकीबाहेर निंब, पडद्यावर हिंदी महासागर,
आणि तेराशे किलोमीटर वरून एक यंत्र
पाण्याला हाक मारून
उत्तर यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवणारं.
त्या वेळातून हवेतला ओलावा वजा,
भरती वजा, लाटा वजा,
यंत्राचं स्वतःचं थोडं डगमगणं वजा.
एकतीस वर्षं मी वजाबाकीची नोकरी केली.

सपाटी वगैरे काही नसते, हे पहिल्याच वर्षी कळलं.
श्रीलंकेच्या खाली समुद्र शंभर मीटर बसलेला आहे,
पोचा पडलेल्या परातीसारखा,
आणि त्यावरून जहाजं जातात, कुणाला उतार लागत नाही.
हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले,
पाटीवर मावायचं न्हाई एवढं.

सगळं वजा करून जे उरायचं
ते वर्षाला ज्वारीच्या एका दाण्याएवढं.
एवढ्याचा पगार देतेत?
देतात.
फोनवर शांतता. मागे मालगाडीचे डबे आपटल्याचा आवाज.
मग किती दाणे झाले आतापोतर?

एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही.
यंत्र जमिनीवरूनही जातं. मराठवाडा
पन्नासेक सेकंदांत संपतो.
जमिनीवरून आलेलं उत्तर फाटकं असतं,
ढेकळांचं, बाभळींचं, पत्र्यांचं,
आणि नियम असा की ते टाकून द्यायचं.
दर दहा दिवसांनी मी
माझ्याच मुलखाची ओळ टाकून देत आले,
एका बटणानं, चहा गार व्हायच्या आत.

फक्त एकदा, रात्रपाळीला, ठेवली.
फाटक्या उत्तरांच्या मधोमध
दोन-चार ठोके असे आले,
सुईच्या टोकासारखे, स्वच्छ.
येलदरीचं पाणी असावं. वारा नसलेलं.
किती वेळ बघत बसले ते नोंदवहीत नाही.
कुणाला दाखवलं नाही, माझ्या कामात ते बसत नव्हतं.
सकाळी नियमाप्रमाणे वजा केलं.

आता निवृत्त होऊन आले आहे.
आबा शहाऐंशीचे, काठी आहे, पण स्टेशनपर्यंत येतात.
पाटी नवी, छापील चिकटपट्टीची.
बाकावर बसून मी हिशेब सांगते : अर्धी वीत.
मी मोजत होते तेवढ्यात समुद्र अर्धी वीत वर आला.
म्हंजी ह्यो आकडा खोटा?
काटेकोर सांगायचं तर नाही.
शून्य एकदा खिळ्यासारखं ठोकून ठेवलेलं असतं,
नंतर पाणी त्याला विचारत नाही.

आबांनी चष्मा वर-खाली केला.
पाटीकडं बघत राहिले, मला वाटलं
अर्ध्या वितीचा विचार चाललाय,
बुडणाऱ्या कुठल्या दूरच्या अंगणाचा.
'द्र'चा रकार आखूड काढलाय लेकाच्यांनी, म्हणाले,
समुद्र लंगडा दिसतंय.

अकोल्याची गाडी लागत होती.
डब्यांआड पाटी गेली.
गाडी हलेपर्यंत आम्ही तिथंच बसलो,
आकडा परत दिसायची वाट बघत.