चुना आणि वाळू

आम्ही सिमेंट घालत नाही.
नुसता चुना, नुसती वाळू.
गुरुवारी पोरं भिंत उभी करतात, शुक्रवारी मी पाडतो,
विटा खरवडून पुन्हा रचून ठेवतो.
लनेथ्लीच्या या शेडमध्ये
एकही भिंत कधी सोमवार पाहत नाही.

सव्वीस वर्षं गवंडीकाम केलं.
माझ्या हातची घरं खाडीच्या वाऱ्यात उभी आहेत,
त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.
आता पन्नाशीत शिक्षकाचा दाखला हवा,
म्हणून रात्री स्वयंपाकघरात वही उघडून बसतो.
चौकटी छापलेल्या आहेत :
काय घडलं. काय वाटलं. पुढच्या वेळी काय वेगळं कराल.
पहिल्या आठवड्यात लिहिलं, पाठ ठीक झाला.
दुसऱ्या आठवड्यात, पाठ ठीक झाला, मिक्सर बंद पडला होता.

नेरिस प्रोबर्ट माझी वही तपासते,
पूर्वी ती पोरींना केस कापायला शिकवायची.
तिनं समासात पेन्सिलनं बारीक लिहिलं :
मिक्सरचं कळलं, गेथिन. तू कुठे होतास?

रागच आला.
रागातच मॅडॉकचं लिहून काढलं.
सतरा वर्षांचा, फारसा बोलत नाही,
त्याचा कोपरा दर वेळी बाहेर झुकायचा.
तीनदा दाखवलं. चौथ्यांदा
त्याच्या हातातून थापी काढून घेतली,
चार विटा मीच बसवल्या, ओळंबा सोडला,
म्हणालो, हे असं.
भिंत सुधारली.
पुढच्या गुरुवारी मॅडॉक आला नाही.

इथवर पेन सरळ चाललं.
मग 'हातातून' या शब्दापाशी अडलं.
कुठल्या हातातून?

डोळे मिटून पुन्हा शेडमध्ये गेलो.
थापीची मूठ कोमट होती,
आणि ती आली होती
त्याच्या डावीकडून.

सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत
मी उजव्या हातानं दाखवत होतो,
गाऱ्याची पाटी रोज त्याच्या नको त्या बाजूला ठेवत होतो.
वर लिहिलंय, तीनदा दाखवलं.
ते खोडलं नाही. राहू दे.
चहावर साय धरली होती.

बुधवारी सगळे गेल्यावर
थापी डाव्या हातात घेतली.
हात माझाच, पण शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखा.
अर्धा गारा बुटावर,
तीन थरांना पाऊण तास,
आणि कोपरा थेट मॅडॉकचा, बाहेर झुकलेला.
तो तसाच ठेवला.
मग त्याच्या आईला फोन केला.
काय बोललो ते वहीत नाही.
तिसरी चौकट अजून कोरी आहे.

गुरुवारी साडेनऊला तो दारात उभा, टोपी न काढता.
त्या तीन थरांकडे पाहत राहिला.
'कोणी बांधलं हे?'
'मी.'
हसला नाही.
वाकला, एक डोळा बारीक केला,
आणि हात मागे करून
ओळंबा मागितला.