डावीकडची दाढ

नाव टायगर. दिवाडीत दर तिसऱ्या कुत्र्याचं असतं तेच.
पोदेराच्या सायकलीमागे पिएदादच्या चढापर्यंत धावायचं
आणि उंड्याचा कडक काठ मिळवूनच परतायचं,
एवढीच त्याची शिकार.

चैत्रात एकदा तो काठ त्यानं तोंडात घेतला,
मान उजवीकडे कलती केली, थोडा चघळला,
आणि पायरीवर ठेवून दिला,
हिशेब न जुळलेल्या पावतीसारखा.
मी म्हटलं, वय झालं.
स्वतःचंही असंच म्हणून टाळत आलो होतो.

वासाबद्दल सगळेच बोलायचे.
बांगड्याची डोकी खातो, वास येणारच,
असं मीच त्यांना समजवायचो.

रायबंदरच्या फेरीत तो माझ्या पायांशी बसला.
जिथे चौतीस वर्षं मी दोर टाकला, दोर सोडला,
तिथे आता उतारू म्हणून उभा.
नव्या खलाशानं मला ओळखलं नाही,
कुत्र्याला मात्र सरकून जागा दिली.

डॉक्टर कुडचडकरबाईंनी त्याचा ओठ वर केला,
टॉर्च मारला आणि म्हणाल्या, या, बघा.

बघितलं.
ओहोटीत धक्क्याच्या खांबांना दिसतात ना,
तशी कालवं.
पिवळी, करडी, एकावर एक बसलेली,
आणि त्यांच्या मुळाशी हिरडी
आमसुलाच्या आगळासारखी.
सोलकढीचा रंग हवा, बाई म्हणाल्या,
नारळाचा रस पडल्यावर येतो तो.

म्हणजे खरवडायचं?
खरवडायचं. आणि डावीकडच्या दोन दाढा काढायच्या.

बेतीला दर वर्षी फेरीबोट वर ओढायचो आम्ही.
तिच्या पोटाखाली उताणे पडून
तासणीनं कालवं सोलायची,
डोळ्यांत खारट चुरा.
मुकादम म्हणायचा, वरचा रंग कोणीही बघतो रे,
बोट कुजते ती खालून.
हे मला तोंडपाठ होतं.
आणि माझ्याच पायरीवरचं तोंड
नऊ वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

भूल उतरेपर्यंत बाकावर बसून राहिलो.
दाढा त्यांनी कापसात गुंडाळून दिल्या.
मुळं एवढी लांब!
मला वाटायचं, दिसतो तेवढाच दात.
परतताना फेरीत खिसा चाचपत होतो.
पोरं दुधाचा दात कौलांवर फेकतात,
याचं काय करायचं ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.
अजून कपाटात आहेत, पेन्शनच्या पुस्तकाजवळ.

आता रोज रात्री, जेवणं आटोपली की,
मी पायरीवर, तो माझ्या दोन गुडघ्यांत.
पहिला आठवडा नुसतं बोट, ओलं फडकं गुंडाळून.
मग लहान पोरांचा मऊ ब्रश
आणि त्याची वेगळी पेस्ट, कोंबडीच्या चवीची.
माझी चालत नाही, तो थुंकत नाही ना.
ओठ उचलायचा, ब्रश तिरपा धरायचा,
दात आणि हिरडी भेटतात त्या रेघेवर
हलकेच, गोल गोल.
बाहेरून पुरे. आतलं बरंचसं जीभ बघते.
कडक हाडं बंद. करवंटी कुरतडणंही बंद,
त्यावर मात्र तो दोन दिवस रुसला.

कायतान कुंपणावरून बघत असतो.
तुका पिशें लागलां मरे, म्हणतो,
माझे दात पडले तेव्हा कोण आलं होतं ब्रश घेऊन?
मी म्हणतो, ये, उचल ओठ.
तो हसतो. हसताना तोंडावर हात धरतो.
हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

डावीकडे आता खळगा आहे, गुळगुळीत,
तिथून ब्रश अलगद नेतो.
टायगर डोळे मिटून उसासतो,
शेपटी एकदाच फरशीवर आपटते.
मग शेवटची फेरी भोंगा देते,
आणि तो तोंड सोडवून घेऊन
पेस्टसकट
तिच्यावर भुंकायला जातो.